फोर्डर व्याख्यानांच्या मागोमाग: ऑकलंड ते डनीडिन

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर तीन महिने भाचीकडे ऑकलंडला राहायला गेले. एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली आणि दारातूनच म्हणाली, "मावशी, हे बघ, तुझ्यासाठीच लावलंय कुणीतरी." तिच्या फोनवर विद्यापीठातल्या एका पत्रकाचा फोटो होता. फोर्डर व्याख्यान, सर्वांना खुलं, प्रवेश विनामूल्य.

फोर्डर लेक्चररशिप म्हणजे काय, ते मी त्या रात्री वाचलं आणि मला झोपच लागेना. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि न्यूझीलंड मॅथेमॅटिकल सोसायटी यांनी १९८६ मध्ये मिळून ती सुरू केली. साधारण दर दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या एका संशोधक गणितज्ञाला हा मान मिळतो. मान म्हणजे पदक घेऊन घरी जायचं, असं नाही. चार ते सहा आठवडे न्यूझीलंडभर फिरायचं, विद्यापीठाच्या बहुतेक गावांत जाऊन बोलायचं. पहिले मानकरी ख्रिस्तोफर झीमन. त्यांनी १९८७ मध्ये हा दौरा केला. आणि उलट्या दिशेनेही अशीच वाट आहे. न्यूझीलंडचा गणितज्ञ ब्रिटनभर फिरतो, त्या व्याख्यानांना एटकेन यांचं नाव दिलं आहे.

या खेपेच्या मानकरी एक बाई होत्या. त्यांच्याशी माझं जे बोलणं झालं ते चहाच्या टेबलावरचं, घरगुती, म्हणून त्यांचं नाव इथे लिहीत नाही. हॅमिल्टन, पाल्मर्स्टन नॉर्थ, ख्राइस्टचर्च त्यांचं झालं होतं. उरलं होतं ऑकलंड, वेलिंग्टन आणि डनीडिन. भाचीला सुट्टी शिल्लक होती. म्हटलं, जाऊ या मागोमाग.

पहिला दिवस, ऑकलंड

मार्च संपत आला होता, म्हणजे तिथला शरद ऋतू सुरू. दुपारी ऊन, चारला पाऊस, पाचला पुन्हा ऊन. आम्ही साडेपाचलाच जाऊन बसलो. सभागृहात विद्यार्थी होते तसेच हातात सायकलचं हेल्मेट घेतलेले आजोबा होते, शाळेच्या गणवेशातली मुलं होती.

बाई साठीच्या आसपासच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी पहिल्या रांगेतल्या तीन मुलांना पुढे बोलावलं आणि एकाला लंगडी घालत स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सांगितलं. दुसऱ्याला नुसतं चालायला. तिसरीला दोन्ही पाय जोडून उड्या मारत. मग विचारलं, ओल्या पायांनी हे केलं असतं, तर जमिनीवर काय उमटलं असतं?

लंगडीत एकाच पायाचा ठसा पुन्हा पुन्हा पुढे सरकतो, एवढंच. जोडउडीत डावा आणि उजवा पाय समोरासमोर, मधली रेघ हा आरसा. आणि चालण्यात? डावा ठसा आरशात उलटतो आणि शिवाय अर्धं पाऊल पुढे सरकतो. मी मनात एकदम घरी पोचले. गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत आई कुंकवाची पावलं काढायची, डावं, उजवं, डावं, उजवं. ती हीच सममिती. मी ती पावलं चाळीस वर्षं स्वतः काढली आणि वर्गात सममिती शिकवताना एकदाही मुलांना दाखवली नाहीत. त्या खुर्चीत बसून मला त्याचं फार वाईट वाटलं.

पुढे बाईंनी आडवं चालणं, गिरकी घेत उडी मारणं असे आणखी प्रकार करून घेतले. एका सरळ पट्टीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे असे एकूण ७ प्रकार होतात. साडीचा काठ असो की भिंतीवरची वेल, आठवा प्रकार निघूच शकत नाही. कारण पट्टीवर करता येण्याजोग्या गोष्टीच मोजक्या: सरकवणं, उभा आरसा, आडवा आरसा, अर्धा फेरा, आणि आरसा धरून सरकवणं. यांच्या जुळण्या धरत गेलं की काही जुळण्या दुसऱ्या कुठल्यातरी आपोआप ओढून आणतात आणि हिशेब ७ वर थांबतो. बाईंनी तो पूर्ण मांडून दाखवला, घाई न करता, तासाभरात. शेवटच्या दहा मिनिटांत माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या सभागृहांतल्या तुळयांवरची लाल-काळी-पांढरी नक्षी दाखवली. तिला कोव्हाइव्हाइ म्हणतात आणि तिच्यात सातही प्रकार सापडतात.

जाणाऱ्यांसाठी: अशी खुली व्याख्यानं बहुधा संध्याकाळी असतात आणि पैसे पडत नाहीत, पण आधी नाव नोंदवायला सांगतात. ते नक्की करा. आणि भारतातून येताना खाऊ आणणार असाल, तर विमानतळावरच्या फॉर्मवर तो लिहा. लाडू, मसाले, बिया, मध, सगळं. न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो.

दुसरा दिवस, पुन्हा ऑकलंड

सकाळी संग्रहालयात गेलो. तिथे होतुनुइ नावाचं संपूर्ण माओरी सभागृह उभं आहे, १८७८ मध्ये बांधलेलं. बाहेर चपला काढून आत जायचं. आत कोरीव खांब, विणलेल्या भिंती, आणि मान वर केली की तुळयांवर ती नक्षी. मी वही काढली आणि एकेका तुळईखाली उभी राहून तपासत गेले. आरसा आहे का? उलटी धरली तर तशीच दिसते का? मला पाच प्रकार ओळखता आले. रंगांची अदलाबदल धरायची की नाही, तिथे मी अडत होते. भाची दीड तास एका बाकावर बसून राहिली, मग स्वतःच उठून म्हणाली, "मावशी, त्या कोपऱ्यातली बघितलीस? ती चालण्याची आहे."

दुपारी विद्यापीठाच्या परिसरात गेलो. हेन्री फोर्डर १९३४ मध्ये इथे प्राध्यापक म्हणून आले आणि १९५५ पर्यंत होते. त्याआधी ते इंग्लंडमध्ये शाळामास्तर होते. युक्लिडच्या भूमितीच्या पायाभरणीवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९२७ मधलं, म्हणजे शाळेत शिकवत असतानाच्या काळातलं. दिवसभर मुलांच्या वह्या तपासायच्या आणि रात्री समांतर रेषांच्या गृहीतकाशी झटायचं, हे ज्यांनी वह्या तपासल्यात त्यांनाच कळेल. त्यांनी लंडनच्या सोसायटीला देणगी दिली आणि त्यांच्या नावाने गणितज्ञ न्यूझीलंडला येत राहिले. वॉन जोन्सही याच विद्यापीठात शिकले. गाठींच्या गणितासाठी त्यांना १९९० मध्ये क्योटोला फील्ड्स पदक, गणितातला सगळ्यांत मोठा मान, मिळालं आणि तिथे व्याख्यान देताना त्यांनी ऑल ब्लॅक्स या रग्बी संघाची जर्सी घातली होती.

परतताना एका घराच्या कुंपणापाशी फेइजोआची टोपली दिसली. शेजारी पैसे टाकायला डबा, माणूस कुणी नाही. फेइजोआ पेरूच्या कुळातलं. चमच्याने गर काढून खायचा. चव पेरूची, पण मागे अननसासारखा आंबटपणा. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर चुकवू नका.

तिसरा दिवस, रेल्वेने वेलिंग्टनला

नॉर्दर्न एक्सप्लोरर ही गाडी सकाळी ऑकलंडहून निघते आणि संध्याकाळी वेलिंग्टनला पोचते, जवळपास ११ तास. विमानाने तासाभरात जाता येतं, पण मग राउरिमू दिसणार नाही आणि मला ते बघायचंच होतं.

राउरिमूला लोहमार्ग एका उंच पठारावर चढतो. सरळ गेलं तर चढ फारच उभा पडला असता. म्हणून त्यांनी मार्गच लांबवला: नाल-वळणं, दोन बोगदे, आणि एक पूर्ण वेटोळं, ज्यात रूळ स्वतःच्याच डोक्यावरून जातो. सरळ अंतर साडेपाच किलोमीटरच्या आसपास, रूळ त्याच्या जवळजवळ दुप्पट, चढ ५० ला १. आपल्याकडे बोरघाटात १८६३ मध्ये हाच प्रश्न होता, तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायचं स्टेशन बांधलं होतं. प्रश्न तोच, उत्तरं दोन. मी खिडकीला नाक लावून बसले होते. खाली झाडांतून मघाशी ज्यावरून आलो तो रूळ दिसला, तेव्हा पलीकडच्या सीटवरच्या एका आजींनी स्वतःची थर्मासमधली कॉफी मला दिली. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या अकरा तासांत एक गोष्ट डोक्यातून जाईना. व्याख्यानमाला आपल्याला काही नवी नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमच्या तालुक्याच्या गावातही दर हिवाळ्यात सात दिवस मंडप पडतो आणि सतरंजीवर जागा मिळत नाही. इतिहास ऐकलाय, संतसाहित्य ऐकलंय, शेतीवर ऐकलंय. गणितावर एकदाही नाही. ऐकणारे नाहीत म्हणून नव्हे. कुणी बोलावलं नाही म्हणून.

चौथा दिवस, वेलिंग्टन

वारा. छत्री उघडायचा प्रयत्न करू नका, टोपीवाला रेनकोट घ्या. लॅम्ब्टन की या बाजाररस्त्यावरून लाल केबल कार टेकडीवर चढते, १९०२ पासून. विद्यापीठ त्याच टेकडीवर.

आज बाईंचं व्याख्यान विभागातल्या लोकांसाठी होतं, संशोधनाचं. मी परवानगी विचारली, त्यांनी आनंदाने ये म्हटलं. खरं सांगते, दहा मिनिटांनंतर मला शब्द कळेनासे झाले. पण एक गोष्ट कळली. मध्येच मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला की ही पायरी त्याला पटली नाही. बाई थांबल्या. फळ्याकडे तोंड करून मिनिटभर गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, इथे एक अट जास्त लागेल, आणि खडूने ती अट वर जाऊन लिहिली. इतका मान मिळालेली बाई, आणि चूक दाखवणाऱ्याला नाव विचारून धन्यवाद दिले. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की गणितात मोठेपणा चालत नाही, पायरी चालते. ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

नंतर चहा होता. भाचीने मला पुढे ढकललं, "जा ना मावशी, बोल." मी गेले. आधी लक्ष्मीच्या पावलांचं सांगितलं. त्यांनी वही काढून त्यात चित्र काढून घेतलं, पावलं घराच्या आत जाणारीच असतात ना, असंही विचारलं. मग मी कागदी रुमाल घेतला आणि म्हटलं, तुमच्या पहिल्या फोर्डर दौऱ्याचं साल घेऊ. १९८७. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा.

९८७१ − १७८९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

६१७४ त्यांना अर्थातच माहीत होता. चारही अंक सारखे नसले, की कुठल्याही चार अंकी संख्येचं हेच होतं, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत, आणि पुढे ६१७४ वरच थांबतं. पण तो शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते, १९३० पासून १९६२ पर्यंत, हे त्यांना माहीत नव्हतं. शाळेत? त्यांनी दोनदा विचारलं. हो, म्हटलं, माझ्यासारखेच, शाळेत. दरवर्षी आठवीच्या पहिल्या तासाला मी मुलांना त्यांचाच स्थिरांक द्यायचे. बाईंनी नाव नीट म्हणून दाखवायला सांगितलं. का-प-रे-कर. तीन-चारदा म्हटलं. रुमाल घडी करून वहीत ठेवला.

पाचवा दिवस, सामुद्रधुनी

समुद्र खवळला म्हणून वेलिंग्टनहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला जाणारी आमची फेरी पाच तास उशिरा सुटली आणि पिक्टनहून ख्राइस्टचर्चला जाणारी किनाऱ्याची गाडी गेली. त्या गाडीचं तिकीट वाया. म्हणून सांगते: फेरी आणि रेल्वे एकाच दिवशी जोडून घेऊ नका. पिक्टनला एक रात्र राहा, छान गाव आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या मजल्यावर, मध्यभागी बसावं. सामुद्रधुनी संपून मार्लबरोच्या खाड्यांत शिरलो की पाणी एकदम शांत होतं, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, आपल्या कोयनेच्या जलाशयासारखे.

रात्रीच्या बसमध्ये शेजारी ख्राइस्टचर्चच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२:५१ ला भूकंप झाला तेव्हा त्या वर्गात होत्या. मुलांना बाकांखाली घालून त्यांनी पाढे म्हणायला लावले, सातचा, मग आठचा, कारण आवाज चालू राहिला की सगळे आहेत हे कळत होतं. त्यांच्या वर्गातलं प्रत्येक मूल घरी गेलं. शहरात १८५ माणसं गेली. हे सांगताना त्यांनी माझा हात धरला होता, आणि काइकोउराच्या काळ्या समुद्राकाठून बस जात होती.

सहावा आणि सातवा दिवस

ख्राइस्टचर्चमध्ये बहुतेक झोपलो. संध्याकाळी शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांनी उभारलेलं चर्च पाहिलं. सातव्या दिवशी बसने डनीडिन, सहा तास. वाटेत मोएराकीच्या वाळूत माणसाच्या कमरेइतके गोल दगड पडलेले आहेत. ओहोटीची वेळ बघून थांबा.

डनीडिनला पोचल्यावर शाकाहारींसाठी उत्तम बातमी: चीज रोल. पावाच्या पातळ चकतीवर चीज आणि कांद्याचं मिश्रण, गुंडाळी करून भाजलेली, वर लोणी. दोन खाल्ले, तिसरा बांधून घेतला.

आठवा दिवस, डनीडिन

सकाळी जगातल्या सगळ्यांत उभ्या रस्त्यावर, बाल्डविन स्ट्रीटवर चढलो. २०१९ मध्ये हा मान वेल्समधल्या हार्लेकला गेला होता. चढ रस्त्याच्या मध्यरेषेवर मोजायचा की वळणाच्या आतल्या कडेवर, यावर वाद झाला, आणि २०२० मध्ये मान परत आला. ३४.८ टक्के, म्हणजे सुमारे १९ अंशांचा कोन. उतरताना आडवे पाय टाका.

दुपार मी एटकेन यांच्यासाठी राखली होती. अलेक्झांडर एटकेन १८९५ मध्ये याच गावात जन्मले, ओटॅगो बॉईज हायस्कूलमध्ये शिकले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला गेले तेव्हा सोबत एक व्हायोलिन होतं, जहाजावरच्या सोबत्याला सोडतीत लागलेलं. ते आता त्या शाळेत आहे. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये एका हल्ल्यानंतर पलटणीची हजेरीवही हरवली, तेव्हा त्यांनी सगळ्यांची पूर्ण नावं आणि क्रमांक आठवणीतून सांगितले. त्यातले कितीतरी तेव्हा जिवंत नव्हते. जखमी होऊन परतल्यावर ते याच शाळेत शिक्षक झाले, १९२३ मध्ये एडिनबरोला जाईपर्यंत.

फोर्डर, एटकेन, कापरेकर. तिघंही शाळामास्तर.

शाळा भरलेली होती, आत गेलो नाही. टेकडीवरची ती दगडी इमारत समोरच्या कठड्यावरून दिसते. तिथे बसून मी वही काढली. एटकेन यांना एकदा ४ भागिले ४७ विचारलं होतं. काही सेकंदांत त्यांनी सुरुवात केली आणि २६ अंक सलग सांगितले, थोडं थांबून बाकीचे, आणि मग म्हणाले की इथून पुन्हा ०८५ सुरू होतं. मी पेन्सिलीने भागाकार करत गेले: ०.०८५१०६३८२९७८७२३४०४२५५३१९१४८९३६१७०२१२७६५९५७४४६८. मला चौदा मिनिटं लागली. सेहेचाळिसाव्या अंकानंतर बाकी ४ उरली, आणि मी पुढे ०, ८, ५ लिहिलं. भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "आता थांब, पाऊस येतोय."

संध्याकाळी लीथ नदीकाठच्या ओटॅगो विद्यापीठात बाईंचं शेवटचं व्याख्यान. तेच, लंगडीचं. पण तसंच नाही. चालण्याच्या नक्षीपाशी आल्यावर पडद्यावर पेन्सिलीने काढलेली पावलं आली, एका उंबऱ्यातून आत जाणारी. भारतात, महाराष्ट्रात सणाला ही दारात काढतात, असं म्हणाल्या. भाचीने माझं मनगट दाबलं.

प्रश्नोत्तरं संपल्यावर त्यांनी फळ्यावर १९८७ लिहिलं, तीन वजाबाक्या केल्या, ६१७४ भोवती चौकट काढली आणि म्हणाल्या, हे एका शाळेतल्या शिक्षकांचं आहे. कापरेकर. देवलाली. 'ळ' आला नाही. र अगदी नीट आला.

माझ्या मागच्या रांगेत दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याने व्याख्यानाच्या पत्रकाच्या पाठीवर आपलं जन्मसाल लिहिलं, २०१४, आणि सुरू झाला. लोक उठले, कोट घालू लागले, त्याची आई दाराशी जाऊन उभी राहिली. ४०८६. ८१७२. ७४४३. इथे त्याचं हातच्याचं चुकलं, त्याने खोडलं, पुन्हा केलं, ३९९६. मग ६२६४, मग ४१७६. सहा झाल्या होत्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला की हे होतच नाहीये. मी म्हटलं, अजून एकदा कर.